कच्च्या मालाचा खेळ

तेल्हाऱ्याच्या माणसाने फुटबॉलवर लिहायचे म्हणजे रत्नागिरीच्या माणसाने बोंडअळीवर व्याख्यान देण्यासारखे आहे, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी भांडणार नाही. आमच्या भागात कबड्डी आहे, व्हॉलीबॉल आहे, क्रिकेट तर आहेच. फुटबॉलचा सामना पाहायचा तर एस. टी.ने अकोला गाठावे लागते. मग लालबहादूर शास्त्री स्टेडियमवर काही चालू असेल तर नशीब! उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा आणि मध्ये काळी कसदार जमीन. या जमिनीत कपाशी झोकात येते. पण मृगाचा पाऊस पडला की तिच्यावर चार पावले चालणे अवघड होते. पायाला दोन-दोन किलो चिखल चिकटतो. उन्हाळ्यात हीच जमीन इतकी भेगाळते की भेगेत पाऊल अडकावे. मुंबईत पावसाळा हा फुटबॉलचा हंगाम. आमच्याकडे पावसाळ्यात चेंडू जिथे पडतो तिथेच रुतून बसतो.

तरीही लिहितो आहे, कारण एका पोराने मला प्रश्न विचारला. चहाच्या टपरीवर वर्ल्डकपच्या गप्पा चालल्या होत्या. तो म्हणाला, ‘भाऊ, थो घाना आपल्याहूनही गरीब हाये म्हणते. मंग थो कसा काय जाते वर्ल्डकपात? अन् आपण काहून नाही जात?’

प्रश्न साधा आहे. आपण त्यावर नेहमी दोनच उत्तरे देतो. पहिले, ‘त्या लोकांची शरीरयष्टीच तशी.’ दुसरे, ‘आपल्याकडे क्रिकेटने सगळे खाल्ले.’ पहिले उत्तर आळसातून येते. दुसरे अर्धे खरे आहे, पण क्रिकेटने खाण्याआधी ताटात काय होते, हे ते सांगत नाही. म्हणून घानाचा आणि आपल्या महाराष्ट्राचा फुटबॉल शेजारी शेजारी ठेवून पाहावा, असे मला वाटले.

सुरुवात १९५६ पासून करू. त्या वर्षी १ डिसेंबरला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मुंबईत खेळणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसूझाने त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. त्या दिवशी घाना नावाचा देश जगाच्या नकाशावर नव्हताच. तो होता ‘गोल्ड कोस्ट’, इंग्रजांची वसाहत. घाना स्वतंत्र झाला ६ मार्च १९५७ ला, म्हणजे नेव्हिल डिसूझाच्या हॅटट्रिकनंतर तीन महिन्यांनी. आपण उपांत्य फेरी खेळून आलो होतो तेव्हा ते लोक झेंडा शिवत होते. आज घाना २००६, २०१०, २०१४ आणि २०२२ असे चार विश्वचषक खेळून २०२६ च्या विश्वचषकालाही पात्र ठरला आहे. आपण एकही विश्वचषक खेळलेलो नाही.

एकदा मात्र दार उघडे होते. १९५० च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात इतर देशांच्या माघारीमुळे भारताला जागा मिळाली होती. आपण गेलो नाही. अनवाणी खेळायची परवानगी नाकारली म्हणून गेलो नाही, ही गोष्ट आपण पुढे इतक्यांदा सांगितली की ती खरी वाटू लागली. वस्तुस्थिती अशी की, आपल्या महासंघाला त्या स्पर्धेचे मोलच वाटले नव्हते. त्यांच्या लेखी ऑलिम्पिक हीच मोठी स्पर्धा होती.

आता घानाकडे पाहा. तोही एकदा विश्वचषकाला गेला नाही, १९६६ ला. त्या काळी आफ्रिकेला विश्वचषकात हक्काची एकही जागा नव्हती. आफ्रिकेत पहिला आलेल्या संघाने आशिया-ओशनियाच्या विजेत्याशी पुन्हा झुंजायचे, असा नियम होता. घानाचे अध्यक्ष क्वामे न्क्रुमा आणि त्यांचे क्रीडाप्रमुख ओहेने जान यांनी या अपमानाविरुद्ध आवाज उठवला आणि आफ्रिकेतल्या देशांनी त्या विश्वचषकावर बहिष्कार घातला. तेव्हा घाना १९६३ आणि १९६५ असे सलग दोनदा आफ्रिकेचा विजेता होता. म्हणजे संघ ऐन भरात असताना त्यांनी घर गाठले. १९७० पासून आफ्रिकेला हक्काची जागा मिळाली. दोन देश, दोघेही गेले नाहीत. एकाला त्या दाराची किंमत कळली नाही, दुसऱ्याला ती पुरेपूर कळली होती म्हणून त्याने उंबऱ्यावर धरणे धरले. टपरीवरच्या पोराच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे आहे.

पण घानाची कहाणी सरळ विजयाची नाही, आणि तिच्यातल्या ठेचाच आपल्याला जास्त शिकवतात. न्क्रुमांना फुटबॉल देशाची ओळख म्हणून हवा होता. नव्या राष्ट्राच्या नावाने त्यांच्या राजवटीत ‘रिअल रिपब्लिकन्स’ नावाचा क्लब उभा राहिला आणि त्यासाठी बाकीच्या क्लबांतले उत्तम खेळाडू उचलले गेले. कुमासीचा असांते कोटोको आणि अक्राचा हार्ट्स ऑफ ओक हे जुने, लोकांचे क्लब. लोकांचे प्रेम त्यांच्यावर. ते दुखावले. फेब्रुवारी १९६६ मध्ये लष्कराने न्क्रुमांची सत्ता उलथवली आणि त्यांच्याबरोबर रिपब्लिकन्सही संपले. कोटोको आणि हार्ट्स मात्र आजही आहेत. सरकारने उभे केलेले सरकारबरोबर गेले, मोहल्ल्याने उभे केलेले टिकले.

या एका गोष्टीच्या उजेडात महाराष्ट्राकडे पाहिले की बरेच काही स्वच्छ दिसू लागते.

मुंबईचा फुटबॉल देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी. रोव्हर्स कप १८९१ ला सुरू झाला. सुरुवातीला तो गोऱ्या पलटणींचाच होता. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला आणि भारतीय संघाचे नाव त्यावर प्रथम कोरले गेले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी तो सोडला नाही. कूपरेज मैदानावर कलकत्ता, हैदराबाद, गोवा इथले संघ येत आणि मुंबईकर त्यांना पाहायला जात. मुंबईचे स्वतःचे संघ होते टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका, एअर इंडिया. खेळाडूला नोकरी मिळे, त्याचे घर चाले. ही व्यवस्था वाईट नव्हती. संतोष करंडक महाराष्ट्राने चार वेळा जिंकला, तो याच खेळाडूंच्या बळावर.

पण या संघांचा मालक कोण होता? गिरणी, बँक, कंपनी. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावाचे काय झाले हे मराठी वाचकाला सांगायला नको. जिथे पगारच थांबला तिथे खेळाडूंची भरती कोण करणार? रोव्हर्स कप २०००-०१ मध्ये शेवटचा झाला. एकशेदहा वर्षांची स्पर्धा बंद पडली आणि मुंबईत साधा मोर्चा निघाला नाही. पुढे व्यावसायिक क्लबांचे दिवस आले. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. त्या संघाच्या आघाडीला होता युसुफ याकुबू, घानाचाच! २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. मग एअर इंडिया, पुणे एफसी, मुंबई एफसी, पुण्याचा डीएसके शिवाजियन्स असे एकामागून एक संघ २०१७ पर्यंत देशाच्या लीगमधून नाहीसे झाले. अनेकदा कारण एकच, मालकाला परवडेना. मी कंपन्यांना दोष देत नाही. ज्याचा पैसा, त्याचा निर्णय. पण संघ बंद झाल्यावर ज्याच्या घरात चूल पेटत नाही असे वाटणारा माणूस त्या गावात एकही नसेल, तर तो संघ गावाचा कधी होताच कुठे?

याच्या उलट कोल्हापूर. तिथला फुटबॉल तालमीतून आला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे वाचा. ज्या तालमीत कुस्तीचे डाव शिकवले जात, जिथे गणपती बसतो, जिथे पेठेची भांडणे मिटतात किंवा पेटतात, त्याच तालमीचा फुटबॉल संघ. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ हा सामना शाहू स्टेडियमवर असला की शहर दोन भागांत वाटले जाते. वर्गणी पेठेची, खेळाडू पेठेचा, हार-जीतही पेठेची. अलीकडे या संघांतून आफ्रिकी खेळाडूही दिसू लागले, इतकी तिथली चुरस. मारामाऱ्या होतात, पोलीस बंदोबस्त लागतो, कधी हंगामही थांबतो. तरी पुढच्या वर्षी पुन्हा चेंडू हलतो, कारण तो बंद करण्याचा अधिकार कुणा एकाच्या हातात नाही.

मग कोल्हापूर घाना का झाले नाही? कारण तालमीच्या वर शिडी नव्हती. कोल्हापूरचा एकही पुरुष संघ देशाच्या सर्वोच्च लीगपर्यंत पोचलेला नाही. पोरगा पेठेत राजा असतो आणि तिशीला संसाराला लागतो. क्वचित एखादा सुटतो. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. १२ ऑक्टोबरला दिल्लीत भारताची गाठ घानाशी पडली. घानाने ४-० ने हरवले. सहा दिवसांनी हाच घाना नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नायजरशी खेळला आणि २-० ने जिंकला. पश्चिम आफ्रिकेतले दोन देश महाराष्ट्राच्या मैदानावर एकमेकांशी बाद फेरीचा सामना खेळत होते आणि आपण प्रेक्षक होतो.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने महाराष्ट्रातल्या दहा लाख विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम केला. शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. कल्पना चांगली होती, मी त्या दिवशी पोरांचे चेहरे पाहिले आहेत. पण आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत काही महिन्यांनी गेलो तर चेंडू कपाटात होता, हवा गेलेला. हवा भरायची सुई नव्हती. क्रीडाशिक्षकाचे पदही भरलेले नव्हते. एका दिवसाचा फुटबॉल हा पोळ्याच्या बैलासारखा असतो. झूल, बाशिंग, मिरवणूक सगळे होते. दुसऱ्या दिवशी बैलाला कामाला जुंपावे तर लागते. आम्ही या बैलाला गोठ्यातून बाहेरच काढले नाही.

विदर्भाला आपलेच एक उदाहरण आहे, ते मात्र विसरता येत नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोरे पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि २००१ मध्ये त्यांच्यासाठी स्पर्धा घेतली. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. पुढे त्यातली पोरे बेघरांच्या विश्वचषकात भारताकडून खेळून आली. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मुळे २०२२ मध्ये ही गोष्ट घराघरांत पोचली. शेजारच्या कामठीत तर छावणीच्या काळापासून फुटबॉल रुजलेला आहे. म्हणजे विदर्भाच्या मातीत हा खेळ रुजत नाही, असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.

आता वऱ्हाडाच्या माणसाला घानाकडे पाहताना जी गोष्ट चटकन कळते, ती मुंबईच्या क्रीडासमीक्षकाला कदाचित कळणार नाही. ती कच्च्या मालाची गोष्ट आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवले. आमच्या सरकीतून रुई निघाली, गाठी बांधल्या गेल्या आणि आगगाडीने बंदरावर गेल्या. कापड तिकडे विणले, पैसा तिकडे राहिला आणि तेच कापड इकडे विकायला आले. घानाच्या नशिबी हेच कोकोच्या बाबतीत आले. बी तिकडून जाते, चॉकलेट युरोपात होते. आणि आता फुटबॉलपटूंच्या बाबतीतही हेच आहे. अबेदी पेले हा आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून तीनदा गौरवला गेला, १९९३ मध्ये मार्सेलकडून युरोपचा करंडक जिंकला. घानासाठी मात्र त्याला एकही विश्वचषक खेळता आला नाही. मायकेल एसियेन २००५ मध्ये चेल्सीत गेला. पोरगा कुमासीच्या धुळीत घडतो, पंधरा-सोळाव्या वर्षी दलालाच्या नजरेत भरतो, निघून जातो. मग कुमासीतली माणसे आपल्याच पोराचा खेळ पैसे भरून टीव्हीवर पाहतात. घरच्या लीगची मैदाने ओस पडतात. परदेशी पोचलेल्या एकाची गोष्ट जगभर होते, दलालाने फसवून मध्येच सोडून दिलेल्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

भारतातही ही वाट आलेली आहे. नायजेरियाचा चिमा ओकोरी शिक्षणासाठी भारतात आला आणि १९८० च्या दशकात कलकत्त्याच्या मैदानांचा राजा झाला. गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडून ओडाफा ओकोली आणि डेम्पोकडून रँटी मार्टिन्स यांनी गोलांचा पाऊस पाडला. आपल्या क्लबांना तयार गोल हवे होते. तयार गोल विकत मिळाले, त्यामुळे गोल करणारा पोरगा घडवायची गरज कुणाला वाटेना. आपण एकाच वेळी कच्चा माल वाया घालवणारेही झालो आणि पक्का माल आयात करणारेही.

घानाच्या कारभाराची तऱ्हा तर आपल्या सहकारी संस्थांना लाजवील अशी. ९ मे २००१ ला अक्राच्या स्टेडियमवर हार्ट्स आणि कोटोकोचा सामना होता. चिडलेल्या प्रेक्षकांनी खुर्च्या फेकल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, दारे बंद होती. चेंगराचेंगरीत १२६ माणसे मेली. आपल्याकडे १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर १६ जीव गेले होते. २०१४ च्या विश्वचषकात मानधन थकले म्हणून घानाच्या खेळाडूंनी सराव नाकारला. शेवटी सरकारने तीस लाख डॉलरहून अधिक रोकड विमानाने ब्राझीलला धाडली, तेव्हा ते मैदानात उतरले. २०१८ मध्ये एका पत्रकाराने छुप्या कॅमेऱ्याने लाचखोरी उघड केली आणि घानाच्या संघटनेच्या अध्यक्षांना जावे लागले. आपण हसायचे कारण नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने आपल्या महासंघालाच निलंबित केले होते, ऐन मुलींचा विश्वचषक दारात असताना. ते निलंबन दोन आठवड्यांच्या आत उठले, तरी अब्रू गेली ती गेलीच. आणि २०२५ मध्ये देशाची सर्वोच्च लीग करार-मदारीच्या घोळात वेळेवर सुरूच होऊ शकली नाही.

मग इतक्या भानगडी असूनही घाना पुढे कसा? मला सापडलेले उत्तर असे. कारभारी वाईट असले तरी खाली गल्ल्यांमध्ये चिल्ल्यापिल्ल्यांचे संघ आहेत. त्यांची आपापसात स्पर्धा आहे. त्यांना घडवणारा कुणीतरी, बहुधा फुकट राबणारा, माणूस आहे. त्या संघावरून वरच्या संघात आणि तिथून कोटोको-हार्ट्सपर्यंत जायची वाट पोराला माहीत आहे. मुंबईकडे मालक होता, मोहल्ला नव्हता. कोल्हापूरकडे मोहल्ला आहे, शिडी नाही. नागपूरला एक ध्यासवेडा शिक्षक भेटला. घानाकडे मोहल्ला आहे आणि खिळखिळी का होईना, शिडी आहे. २ जुलै २०१० ला उरुग्वेविरुद्ध शेवटच्या मिनिटाला सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला आणि असामोआ ग्यानची पेनल्टी आडव्या दांडीवर आदळली. ती दांडी नसती तर आफ्रिकेतला पहिला देश विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत गेला असता. गरीब देश तिथपर्यंत पोचला तो खालच्या गल्लीच्या बळावर.

वऱ्हाडात गल्ली नाही का? श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराला जाणाऱ्या कावडी ज्यांनी पाहिल्या, त्यांना हा प्रश्न पडू नये. मंडळामंडळांची पोरे रात्री गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरतात आणि शेकडो भरण्यांच्या कावडी खांद्यावर घेऊन पायी शहरात येतात. त्यासाठी महिनोन्‌महिने वर्गणी, तालीम, नियोजन चालते. त्यात कुणी मालक नसतो, अनुदान नसते. कोल्हापूरच्या तालमी याहून वेगळे काय करतात? आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन ऑलिम्पिकच्या वेळी जगाला कबड्डी दाखवली होती. अंगात जोर आहे, संघटना आहे, परंपराही आहे. चेंडूच तेवढा त्यांच्या पायाशी गेलेला नाही.

म्हणून मागणी फार मोठी करायची गरज नाही. पावसाळ्यात काळ्या जमिनीवर खेळता येत नाही, हे मान्य. तर आमचा हंगाम दिवाळीनंतरचा ठेवा, कापूस वेचणीच्या आगेमागे. प्रत्येक तालुक्याला एक मैदान मुरूम टाकून, रोलर फिरवून तयार करा. स्टेडियम नको, पाणी निघून जाईल असा उतार आणि दोन गोलखांब पुरेत. तेल्हारा, अकोट, हिवरखेड, बाळापूर इथल्या मंडळांचे संघ आणि त्यांची दरवर्षी न चुकता होणारी लीग. विजेत्याला अकोल्यात जागा, अकोल्याच्या विजेत्याला नागपुरात. शाळेत क्रीडाशिक्षक, आणि त्याच्या कपाटात हवा भरायची सुई. यातला खर्च एका राजकीय सभेच्या मंडपाइतकाही होणार नाही.

यातून उद्या भारत विश्वचषकाला जाईल, असे मी म्हणत नाही. घानाला इथवर यायला कित्येक दशके लागली आणि अजूनही १९८२ नंतर त्याला आफ्रिकेचा करंडक जिंकता आलेला नाही. पण आमच्या पोरांपैकी कुणाच्या पायात काय आहे, हे निदान आम्हाला आमच्याच मैदानावर कळेल. वऱ्हाडाने दीडशे वर्षे न पिंजलेला माल दुसऱ्याच्या दारात पोचवला. पोरांच्या बाबतीत तर आपण तो वेचायलाही गेलेलो नाही. बोंडे झाडावरच फुटून मातीत गळताहेत.